बीएसए एम-२० : नव्या बोअरचे पहिले पाचशे किलोमीटर, पुण्याच्या आसपास

गाडी बीएसए एम-२०, जुनी ब्रिटिश मोटरसायकल. साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), ४९६ सीसी, बोअर (सिलिंडरचे भोक) ८२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९४ मिमी, कॉम्प्रेशन जेमतेम ५:१, ताकद १३ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या गाड्या लाखाहून जास्त बनल्या. इंजिन पूर्ण उघडून बांधलेले: बोअर पुढच्या ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठा), कास्ट पिस्टन, बिडाच्या रिंगा, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँकवरचे बेअरिंग) नवा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाइड नवे, दोन्ही सीट नव्याने कापलेल्या. पिस्टनच्या स्कर्टला चार ते पाच थाऊ मोकळीक, रिंगांच्या तोंडाला तेरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) रेघा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या.

रनिंग-इन (नव्याने बांधलेल्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसवण्यासाठी सुरुवातीचे चालवणे) म्हणजे गाडी हळू चालवणे, हा समज पक्का रुजलेला आहे आणि त्यानेच पुष्कळ चांगली बांधलेली इंजिने धूर ओकू लागतात. रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला फार थोडी दाबली जाते. तिला खरा दाब मिळतो तो तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या वायूचा, आणि तो दाब थ्रॉटल उघडल्याशिवाय येत नाही. नुसते अलगद चालवले तर रिंग होनिंगच्या शेंड्यांवर घासून बसण्याऐवजी वरच्या वर सरकत राहते, रेघांत ऑइल जळून गुळगुळीत थर चढतो आणि मग कितीही किलोमीटर चालवा, रिंग बसत नाही. पुन्हा होनिंग करावे लागते. दुसऱ्या टोकाला, सलग भार दिला तर नव्या पिस्टनचा जो ठिपका बोअरला टेकतो तिथे उष्णता साठून पिस्टन सीझ होतो, म्हणजे बोअरमध्ये अडकून बसतो. म्हणून भार द्यायचा, काढायचा आणि इंजिनाला पूर्ण गार होऊ द्यायचे. हे साधते की नाही ते रस्त्यावर ठरते. पुण्याभोवती सपाट रस्ताही आहे आणि घाटही, फक्त त्यांचा क्रम चुकता कामा नये.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पहाटे हवा गार असते, आणि हवेवर गार होणाऱ्या बिडाच्या सिलिंडरला त्या दोन-तीन तासांची मोठी मदत होते. एप्रिल-मे महिन्यांत हे काम काढूच नये.

पहिला दिवस : डेक्कन, औंध, पाषाण (सुमारे २५ किमी)

किक मारण्याआधी तासभराचे काम आहे. ऑइल टाकीत एसएई ४० मिनरल भरले. २०डब्ल्यू-५० मिनरलही चालते, सिंथेटिक मात्र नको. त्याची फिल्म इतकी टिकाऊ असते की रिंग आणि बोअर यांची जी थोडी झीज आपल्याला हवी आहे, तीच होत नाही. डिटर्जंट ऑइलची भीती आतून धुतलेल्या इंजिनाला नाही. न उघडलेल्या जुन्या इंजिनात मात्र त्याने वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि ऑइलच्या वाटेत अडकतो.

एम-२० ड्राय सम्प आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळात (सम्पात) न साठता वेगळ्या टाकीत राहते. ऑइल टाकीतून पंपात, तिथून बिग एंडला, खाली सम्पात आणि पंपाच्या दुसऱ्या गिअरजोडीने परत टाकीत असा फेरा. नव्या बांधणीत वाटेत हवा भरलेली असते, म्हणून प्लग काढून, क्रँककेसमध्ये शंभर-दीडशे मिली ऑइल ओतून, गाडी गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने फिरवत राहायचे. टाकीचे झाकण उघडे ठेवून परतीच्या नळीकडे बघायचे. आधी बुडबुडे, मग तुटक धार. परतीचा पंप पुढच्या पंपापेक्षा जास्त ओढतो, त्यामुळे धार अशी तुटकच असायला हवी. धार दिसल्याशिवाय किक नाही. बराच वेळ फिरवूनही काही आले नाही, तर परतीच्या वाटेवरचा छर्रा सीटला चिकटलेला असतो. सम्पची प्लेट खोलून बारीक तारेने तो हलकेच वर ढकलला की सुटतो.

बाकीची मापे थंड इंजिनावर: इनलेट टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्याची) फट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३०, मॅग्नेटोचा (ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) पॉइंट ०.३०, प्लग ०.४५ ते ०.५०. टायमिंग (ठिणगीची वेळ) पूर्ण ॲडव्हान्सला पिस्टन वर पोचण्याच्या आधी सात सोळांश इंच, म्हणजे आपल्या मोजणीत साडेतीन सूत.

पेट्रोलचा मुद्दा नवा आहे आणि जुन्या मॅन्युअलमध्ये तो सापडणार नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रण म्हणजे उष्णता. रनिंग-इनमध्ये हे परवडत नाही. अमाल कार्बोरेटरचा मूळ मेन जेट १७०. त्याजागी १८० घातला आणि नीडल एक खाच वर घेतली. पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी हवी. टाकीला आतून जुने सीलंट लावलेले असेल तर ते मऊ होऊन कॉकच्या जाळीत येते. तसे असेल तर आधी टाकीचा बंदोबस्त करावा, मग रस्ता.

सुरू करताना टिकलर (कार्बोरेटरवरचे बटण) दाबून कार्बोरेटर भरला, मॅग्नेटोचा लिव्हर अर्धा मागे घेतला, कॉम्प्रेशन लागेपर्यंत किक दाबली, एक्झॉस्ट लिफ्टरने (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरणाऱ्या लिव्हरने) पिस्टन जरा पुढे नेला आणि मग पूर्ण किक. सुरू झाल्यावर आयडलवर ठेवायचे नाही. कॅम, टॅपेट आणि बोअर यांना ऑइल मिळते ते क्रँकने उडवलेले, आणि मंद फेऱ्यांत ते पुरेसे उडत नाही. शिवाय चोकचे घट्ट मिश्रण बोअरवरची फिल्म धुऊन टाकते. साधारण १५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटे, टाकीत धार पाहिली, आणि लगेच रस्त्यावर. उभ्या गाडीला वारा मिळत नाही.

पहाटे सहाला डेक्कनहून गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठ, तिथून औंध. सिग्नल पिवळे लुकलुकत असतात तेवढ्यात हा टप्पा संपायला हवा. तिसऱ्या गिअरमध्ये तीस ते चाळीस, टॉपमध्ये चाळीस ते पन्नास. एम-२०ला टॉपमध्ये पन्नासला क्रँकचे सुमारे २१०० फेरे पडतात, म्हणजे जास्तीत जास्त ताकदीच्या ४२०० फेऱ्यांच्या निम्मे. थ्रॉटल एकतृतीयांशपर्यंत उघडायचा, चार-पाच सेकंदांनी सोडायचा, पुन्हा उघडायचा.

औंधला आठेक किलोमीटरनंतर गाडी बंद. सिलिंडरच्या पंखांवर तळहात आरामात ठेवता येईपर्यंत थांबायचे, आणि याला पाऊण तास लागतो. पहिल्या तीन-चार गरम-थंड फेऱ्यांत गॅस्केट दबते, नट सैल होतात, पिस्टन स्वतःचा आकार घेतो. हा थांबा कापला की पुढचे गणित बिघडते. नंतर बाणेर रस्त्याने पाषाण, तिथे दुसरा थांबा, आणि परत.

घरी पोचल्यावर ऑइल गरम असतानाच सगळे काढून टाकले, टाकीतले आणि सम्पमधलेही. २५ किलोमीटरनंतर ऑइल टाकून देणे उधळपट्टी वाटते, पण तीन लिटरचा डबा नव्या बिग एंडपेक्षा स्वस्त आहे. या गाडीला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, आणि होनिंगचा बारीक कीस जाळीतून आरपार जातो. ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरले. राखाडी चकाकी असणे ठीक, ती रिंगांची. बोटाला टोचणारी चपटी कपची दिसली तर गाडी तिथेच थांबवायची. पिवळट कीस बुशचा, चुंबकाला न चिकटणारा पांढरा कीस पिस्टनचा.

दुसरा दिवस : खडकवासला (४० किमी)

रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे हेड बोल्ट सकाळी पुन्हा आवळले. मधल्या बोल्टपासून बाहेर, तिरप्या क्रमाने, प्रत्येकाला अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही. नट-बोल्ट व्हिटवर्थ आणि सायकल आट्यांचे आहेत. मिलिमीटरचा पाना घातला की कोपरे गोल होतात. व्हिटवर्थ पाने जुन्या बाजारात अजून मिळतात. घेताना पान्याचे तोंड पसरलेले नाही ना, एवढे पाहावे.

सिंहगड रस्ता सकाळी सातच्या आत मोकळा असतो, रविवारी मात्र तोही नाही. धरणाच्या भिंतीपर्यंत जवळपास सपाट. इथे काम एकच: तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये तीसवरून पन्नासपर्यंत निम्म्या थ्रॉटलने चढायचे, मग थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडीला तीसपर्यंत उतरू द्यायचे. थ्रॉटल उघडा असताना रिंग बोअरवर दाबली जाते. बंद केल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात होतो, ऑइल वर ओढले जाते, रिंगांपाशी सुटलेला कीस धुतला जातो आणि बोअर गार होतो. उतरणाऱ्या वेगाचा अर्धा भाग चढणाऱ्या अर्ध्याइतकाच उपयोगाचा आहे.

तिसरा दिवस : सोलापूर रस्ता, यवत (८५ किमी)

हडपसर ओलांडेपर्यंतचा टप्पा वाईट. क्लच नवा असेल तर गर्दीत तो तापतो आणि प्रायमरी चेन केसमधले ऑइलही तापते. लोणी काळभोरनंतर रस्ता मोकळा आणि सरळ होतो, आणि तोच धोका आहे. सरळ रस्त्यावर मनगट एका जागी स्थिर होते. एकाच वेगाने वीस मिनिटे चालवणे हे रनिंग-इनमध्ये सर्वात निरुपयोगी चालवणे, म्हणून उरुळी कांचनपर्यंत वेग पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान मुद्दाम वरखाली ठेवला.

या हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यामागे वीस-पंचवीसने टॉपमध्ये ओढत राहण्याचा मोह होतो, कारण जड फ्लायव्हीलमुळे एम-२० ते निमूट करते. ते करू नये. कमी फेऱ्यांत पंप कमी ऑइल देतो आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का नव्या बिग एंडवर पूर्ण बसतो. पस्तीसच्या खाली तिसरा, वीसच्या खाली दुसरा.

यवतला थांबल्यावर प्लग काढला. पोर्सलिन फिकट तपकिरी, म्हणजे १८०चा जेट योग्य. पांढरेफटक आणि एक्झॉस्ट पाइप हेडजवळ निळा पडलेला असता तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग मागे. सायलेन्सरमधून निळसर धूर सुरू करताना येतो आणि मिनिटभरात जातो, तो रात्रभरात टाकीतले ऑइल पंपाच्या दात्यांतून सम्पात झिरपल्याचा. तो रिंगांचा दोष नाही. रिंगांचा धूर भार देताना येतो आणि गरम झाल्यावरही राहतो. १५० किलोमीटरला तो थोडा असतोच, घाबरू नये.

चौथा दिवस : पान्यांचा दिवस

गाडी बाहेर नाही. पुढे घाट आहे, आणि साइड व्हॉल्व्ह इंजिन घाटात नेण्याआधी हा दिवस वगळता येत नाही.

ऑइल दुसऱ्यांदा बदलले, सम्पची प्लेट खोलून जाळी डिझेलने धुतली. टॅपेट मोजले. इनलेट ०.२५ होता, तो ०.२२ भरला. एक्झॉस्ट ०.३०चा ०.२२. नवी कापलेली सीट पहिल्या काही तासांत दबते आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खाली बसतो, तितकी फट कमी होते. आवाज वाढत नाही, उलट इंजिन छान शांत वाटते, म्हणून कुणी पाहत नाही. पण गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट आधीच कमी असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळता वायू सीटवरून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. साइड व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टचे पोर्ट सिलिंडरच्या अंगातच असते, तेव्हा ती उष्णता थेट बोअरच्या त्या बाजूला जाते. आवाजी टॅपेट परवडतो, मुका नाही.

पॉइंट ०.३०चे ०.२२. पॉइंटची नवी फायबरची टाच पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये झपाट्याने झिजते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप मागे जाते, जळण लांबते आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये साठते. घाटात तापणाऱ्या कितीतरी गाड्यांचे कार्बोरेटर आणि जेट विनाकारण बदलले जातात, दोष या आठ शतांश मिलिमीटरमध्ये असतो. फट पुन्हा ०.३० केली, टाचेला ग्रीसचा बारीक ठिपका लावला.

हेड बोल्ट दुसऱ्यांदा, सिलिंडरच्या तळाचे नट पहिल्यांदा आवळले. प्रायमरी चेनला अर्धा इंच ढील ठेवली. नवी चेन ताणते. ती गिअरबॉक्स सरकवून आवळावी लागते, आणि त्यानंतर मागची चेन पुन्हा पाहावीच लागते.

पाचवा दिवस : दिवे घाट, सासवड, जेजुरी (१०० किमी)

पायथ्याच्या वडकीपर्यंत इंजिन पूर्ण गरम झालेले, पण तापलेले नसावे, म्हणून हडपसरनंतर दहा मिनिटांचा थांबा घेतला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते तोच हा घाट. चढ सलग आहे पण बेताचा, आणि खाली मस्तानी तलावाच्या बाजूला थांबायला जागा सापडते. बोपदेव घाट जवळचा असला तरी जास्त उभा. नव्या बोअरवर तो घेऊ नये.

चढण्याची पद्धत: चढ लागण्याआधीच तिसरा गिअर, वेग पस्तीस-चाळीस, थ्रॉटल निम्मा ते दोनतृतीयांश. मॅग्नेटोचा लिव्हर पूर्ण पुढे. चढावर ठोका (इंजिनातली टकटक) ऐकू आला तर लिव्हर किंचित मागे घ्यायचा आणि लगेच दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे. लिव्हर मागे ठेवून तसेच ओढणे म्हणजे टायमिंग मुद्दाम चुकवून इंजिन तापवणे. अर्ध्या घाटात एकदा थ्रॉटल दोन-तीन सेकंद पूर्ण मिटवायचा, म्हणजे बोअरवर ऑइल येते.

सीझ होण्याची चाहूल ओळखता आली पाहिजे. अचानक कुणी मागून धरल्यासारखी गाडी जड होते, आवाज घट्ट होतो, कधी बारीक किंचाळी येते. त्या क्षणी क्लच दाबायचा आणि थ्रॉटल मिटवायचा, दोन्ही एकत्र. क्लच उशिरा दाबला तर मागचे चाक जाम होते. कडेला थांबून अर्धा तास. नंतर किक हाताने दाबून पाहायची. अडखळत असेल तर टेम्पो बोलवावा. हलकी पकड असेल तर साइड व्हॉल्व्हचा मोठा फायदा असा की नुसते हेड काढले की बोअर समोर दिसतो. बोअरला चार जागी ओरखडे असतील तर गाडी थंड असताना घाई झाली आणि पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगला. एकट्या एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण, टायमिंग किंवा टॅपेट.

माथ्यावर गाडी बंद न करता दोन-तीन किलोमीटर पठारावर हलक्या थ्रॉटलने चालवली, वाऱ्याने उष्णता उतरू दिली, आणि मग सासवडला थांबा. चढ संपताच इंजिन बंद केले तर सगळी उष्णता तिथेच मुरते आणि ऑइल जागेवर जळते. सासवड-जेजुरी रस्ता हलक्या चढ-उतारांचा, रनिंग-इनसाठी या भागातला सर्वात चांगला. सोमवती अमावास्या आणि यात्रेचे दिवस टाळावेत.

उतरताना दुसरा-तिसरा गिअर, थ्रॉटल बंद. सात इंची ड्रम ब्रेकचे लायनरही नवे असतात आणि सलग दाबले तर तापून पकड सोडतात. पायथ्याशी थ्रॉटल उघडल्यावर निळ्या धुराचा एक भपकारा आला आणि गेला. वर ओढलेले ऑइल जळले, इतकेच.

सहावा दिवस : कात्रज, नसरापूर, भोर (११० किमी)

जुन्या बोगद्याच्या वाटेने कात्रज चढलो. महामार्गाच्या बोगद्यातली वाहने ऐंशी-नव्वदने जातात, आणि पंचेचाळीसच्या गाडीला तिथे मागून येणाऱ्या ट्रकच्या भीतीने थ्रॉटल पिळावा लागतो. खेड शिवापूर ते कापूरहोळ हा महामार्गाचा तुकडा टळत नाही. डाव्या कडेने, पंचावन्न-साठने, मिनिटामिनिटाला थ्रॉटल सोडत. कापूरहोळनंतर भोरचा रस्ता वळणांचा. इथे पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये तीन-चार सेकंद पाऊणपर्यंत थ्रॉटल दिला.

भोरला ऑइलची पातळी तपासली. पातळी इंजिन बंद केल्यावर लगेच पाहावी. सकाळी पाहिली तर सम्पात झिरपलेले ऑइल मोजलेच जात नाही, माणूस वरून ओततो आणि सुरू केल्यावर टाकी उतू जाते. वरंध घाटाचा रस्ता इथूनच पुढे जात असला तरी आज तिकडे नाही.

सातवा दिवस : जुन्या रस्त्याने लोणावळा (१३० किमी)

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून देहू रोड, तळेगाव, वडगाव, कामशेत. वेग साठपर्यंत, क्षणभर पासष्ट. कामशेतपुढचा चढ गाडीने तिसऱ्यात, ठोक्याशिवाय घेतला. चढावर धूर नाही. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरायचे नाही. उतरणे सोपे आहे, पण परतीचा बोर घाट लांब आणि उभा, आणि मागे अवजड वाहनांची रांग असताना थांबायला जागा मिळत नाही.

परतल्यावर टॅपेट थंड करून मोजले: एक्झॉस्ट ०.२९, इनलेट ०.२५. सीट बसल्या. पॉइंट ०.२९. हेड बोल्ट हलले नाहीत. किकला कॉम्प्रेशनवर उभे राहिले की ती आता आधीपेक्षा बराच वेळ धरून राहते. ऑइल तिसऱ्यांदा बदलले. ताटलीत चकाकी जवळजवळ नव्हती. आता २०डब्ल्यू-५० मिनरल, दर १५०० किलोमीटरला बदल, प्रत्येक बदलाला जाळी. ८०० किलोमीटरपर्यंत सलग साठच्या वर नाही, मग सत्तर. टॅपेट आणि पॉइंट पुन्हा ८००ला मोजायचे. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतले पाणी धरते आणि तळाचा जेट गंजाने चोंदतो.